कापलेली नखं

वृद्धाश्रमाच्या तपासणीला गेले की मी आधी नखं बघते. खाटेवरच्या आजींची नखं पार मांसापर्यंत कापलेली होती. दोन बोटांवर रक्त सुकलं होतं.

“बघा मॅडम, किती स्वच्छ!” त्यांचं करणाऱ्या मावशी म्हणाल्या. मावशींच्या हातांवर कोपरापर्यंत जुने ओरखडे होते. “आंघोळीला ओढून न्यावं लागतं. आधी बोचकारायच्या. आता काही त्रास नाही.”

दात जातात, आवाज जातो. ‘नको’ म्हणायला शेवटी नखंच उरतात. तीही कापली, की माझ्यासारखी बाई येते आणि स्वच्छतेपुढे ‘उत्तम’ लिहिते.

निघताना आजींनी माझं मनगट पकडलं. सगळा जीव एकवटून बोटं रुतवली. मी हिसडा देऊन हात सोडवला.

बाहेर येऊन मनगट पाहिलं. एकही ओरखडा नव्हता.