सात नंबरमधले नामदेवआबा

आमच्या स्टुडिओत किस्से जमा होतात ते कॉम्प्युटरची हार्ड ड्राइव्ह भरते तसेच. मुद्दाम कोणी भरत नाही. एक दिवस जागा संपल्याचं कळतं, आणि आत काय काय आहे ते पाहून छाती दडपते.

मालेगावात वाशीम रस्त्याला गजाननभाऊंच्या घराची पुढची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. गजाननभाऊ फोटो काढतात, अफसरभाई व्हिडिओ, आणि मी कॉम्प्युटरवर अल्बम लावते. मी कॉम्प्युटर कुठे शिकायला गेले नाही. जे चुकलं ते वहीत लिहीत गेले, त्या वह्यांनीच शिकवलं. कोणाचं लग्न कोणत्या ड्राइव्हमध्ये आहे, तेही त्याच वहीत. अकरा ड्राइव्ह, लग्नांत उरलेल्या फेट्यांच्या कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलेल्या. एका पानावर मी लिहिलं होतं, ‘प्रत्येक लग्नाची एकच प्रत आहे.’ खाली दोन रेघाही मारल्या होत्या. त्यापलीकडे काही केलं नव्हतं.

* * *

लग्नाचे फोटो नवरा-नवरीला लागतात असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे ते मयतीला जास्त लागतात. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा एकमेव धड फोटो कोणाच्या तरी लग्नात निघालेला असतो.

आसेगावहून दोघे भाऊ मोटरसायकलवर आले. धाकटा धापा टाकत म्हणाला, “ताई, आमच्या बहिनीचं लगन तुमीच काढलं होतं. त्यातून काकाले काढून द्या. हार घालाले फोटू पाह्यजे, मानसं जमून राह्यले.”

वही उघडली, ड्राइव्ह सापडली, काका सापडेनात. सापडले ते पंगतीत. सतरा फोटो, आणि सतराही फोटोंत तोंडात घास. शेवटी एका फोटोत ते नवरदेवाच्या मागे उभे दिसले, पण गळ्याच्या खाली नवरदेवच होता. मी त्यांना गजाननभाऊंचा कोट चढवला.

थोरल्याने प्रिंट उजेडात धरली. “काकानं जिंदगीत कोट नाही घातला.”

कोट काढायला मी पुन्हा माउस धरला.

“पन शोभून राह्यला. राहू द्या.”

ते गेल्यावर मी ड्राइव्ह पुन्हा फेट्याच्या कापडात गुंडाळली. ती ड्राइव्ह उघडलीच नसती तर?

* * *

केनवडचे नामदेवआबा मात्र स्वतःच आले. बायको जाऊन वर्ष झालं होतं. पुतण्याच्या लग्नातला फोटो त्यांना पाहायचा होता. तो सात नंबरच्या ड्राइव्हमध्ये निघाला. खुर्चीवर आबा, डोक्याला लाल फेटा.

“मी गेलो का हाच लावा. आत्ताच सांगून ठेवतो.”

“प्रिंट काढून देते, घेऊन जा.”

“घरी नेऊन काय करू? सून पाहीन तं म्हनीन, बुडा तयारी करून राह्यला.”

गजाननभाऊ म्हणाले, “आबा, बसा तिथं. नवा काढतो, याच्याहून झाक.”

“नवा नको. हाच पाह्यजे. तुमच्यापाशी राहू द्या. तुमच्याइथून जाते कुठं?”

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी आबा दारातून डोकावणार. “हाय ना?” मी आतूनच सांगणार, “हाय आबा.” एवढ्यावर ते वाटेला लागत.

* * *

मग सात नंबर वाजायला लागली. लावली की टक, टक, टक. स्क्रीनवर कधी दिसायची, कधी नाही. अफसरभाईंनी कान लावला आणि हात मागे घेतला. “ताई, अंदर से कोई दरवाजा ठोक रहा है.”

नेमका तो बाजाराचा दिवस. दारात सावली पडली. “हाय ना?”

मी ड्राइव्हची वायर काढली, टकटक थांबली.

“हाय आबा,” मी म्हणाले.

वहीत त्या तारखेला एकच ओळ आहे. ‘आज खोटं बोलले.’

* * *

नेटवर्क स्टोरेज घ्यायचं ठरलं. म्हणजे राउटरला जोडायची एक पेटी, तिच्यात दोन ड्राइव्ह. एकीत जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीतही लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी असते. वाशीमच्या दुकानात मी गजाननभाऊंबरोबर यादी घेऊन गेले. चोवीस तास चालायला बनवलेल्या ड्राइव्ह, दोन्ही सारख्या जागेच्या, पण दोन्ही वेगवेगळ्या लॉटच्या.

शेवटच्या अटीला गजाननभाऊ अडले. त्यांनी दोन्ही खोकी हातात घेऊन उलटीपालटी केली. “ताई, जोडी एकसारखी पाह्यजे. एक बैल या गावचा, एक त्या गावचा, असं कुठं चालते काय?”

“भाऊ, एकाच दिवशी बनलेल्या दोघींत एकच खोट असली, तर दोघी बरोबरच जातील. आपल्याला एक मागे राहणारी पाहिजे.”

दुकानदार हसला. “लोकं इचारतेत किती दिवस चालन. या ताई इचारून राह्यल्या, पह्यले कोन जाईन.”

मला हसू आलं नाही. तिकडे स्टुडिओत सात नंबर ठोकत होती.

* * *

पेटी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचना आली, की ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जाईल. ड्राइव्ह तर नव्या कोऱ्या होत्या. मला ते माहीत होतं, भाऊंनाही. तरी बटण दाबायला हात पुढे होईना.

अफसरभाई उठले. कपाटातल्या अकराही ड्राइव्ह पिशवीत भरल्या आणि पिशवी पोटाशी धरून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तिथून त्यांचा फोन आला.

“अब दबाव.”

* * *

बाकीच्या ड्राइव्ह मी नंतरसाठी ठेवल्या. आधी सात नंबर. तीन वेळा कॉपी अर्धवट तुटली. चौथ्यांदा आबांचं लग्न, म्हणजे त्यांच्या पुतण्याचं, पूर्ण आलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं घ्यायला ड्राइव्ह लावली तर टकटकही नाही. आता आबा फक्त पेटीत होते. पेटीची आणखी एक प्रत बाहेर ठेवायची, असं वहीत लिहिलं. दसरा झाल्यावर करू म्हटलं.

* * *

दसऱ्याला आम्ही कॅमेरे पाटावर मांडून पूजा करतो. मी फुलं घेऊन पोचले तेव्हा पेटी किंचाळत होती. पाटावर कॅमेरे, लेन्सा, ट्रायपॉड, आणि मधोमध हळदकुंकू लावलेल्या दोन्ही ड्राइव्ह. भाऊंनी चालू पेटीतून उपसून काढल्या होत्या.

“भाऊ, पेटीला बाहेरून लावायचं ना.”

“देवाले दाराबाहेरून लावतेत काय?” ते म्हणाले. मग माझं तोंड पाहून त्यांनी ताम्हण खाली ठेवलं.

मी कुंकू कापडाने टिपलं, ड्राइव्ह होत्या त्याच खणात बसवल्या, पेटी पुन्हा सुरू केली. पेटीने एक ओळखली. दुसरी परकी. आता पहिलीवरून दुसरीवर सगळं नव्याने लिहिलं जाणार, आणि तोवर पहिली गेली तर सगळंच गेलं. मधेच लाइट गेली तर काय, म्हणून अफसरभाईंनी घरचा इन्व्हर्टर उचलून आणला. त्याच्या वायरी काढल्यावर त्यांच्या घरी पंखे बंद पडले. सोनं वाटायला आलेल्या लोकांना भाऊ दारातच थांबवत होते. “आत येऊ नका, धक्का लागन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा हिरवा झाला. भाऊंनी पेटीला लांबूनच हात जोडले.

* * *

पुढच्या बाजाराला आबा आले. “हाय ना?”

“आत या आबा,” मी म्हणाले. “आज दाखवतेच.”

मी आणखी एक ड्राइव्ह मागवली होती. आबांचा फोटो हारासाठी कापून तयार करायचा आणि तिच्यातही ठेवायचा, म्हणजे पुन्हा भीती नको. फोटो उघडला. लाल फेटा, खुर्ची, आबा. डाव्या कडेने कोणाचा तरी हात आत आला होता. हिरव्या बांगड्या, फेट्याचा शेमला सरळ करणारी बोटं. नेहमीप्रमाणे मी चौकट आबांच्या चेहऱ्याभोवती आवळली.

आबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “हा हात कापू नका.”

भाऊ म्हणाले, “आबा, हाराच्या फोटोत दुसऱ्याचा हात कसा दिसन?”

“दुसऱ्याचा नाही,” आबा म्हणाले. “आमची बुडी कॅमेरा पाह्यला का पयून जायची. तिचा फोटू एवढाच हाय.”