सध्याबाईंचा आवाज

इस्पितळात नव्याने लागलेल्या माणसाला पहिले काही दिवस वाटायचं, की चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंचं नाव संध्या आहे. मग कुणीतरी हसून दुरुस्ती करायचं, "संध्या नाही हो, सध्या. सध्याबाई." खिडकीशी जरा वेळ उभं राहिलं की नावाचा उलगडा आपोआप व्हायचा. "सध्या झोपलेत." "सध्या ताप उतरलाय." "सध्या एवढंच कळलंय, वॉर्डात विचारून आणखी सांगते." बाईंच्या तोंडचं कुठलंही बरं वाक्य या एका शब्दाचं बोट धरूनच बाहेर पडायचं.

फार पूर्वी त्याही सगळ्यांसारख्याच बोलायच्या. खिडकीशी कुणी आलं की आधी "काळजी करू नका", मग बाकीचं. म्हणायला काही लागत नाही. आल्या-गेल्यापुढे पाण्याचा पेला सरकवावा तसं ते वाक्य सरकवायचं. पण हळूहळू बाईंच्या लक्षात येत गेलं, की ते ऐकलं की माणसाचे खांदे उतरतात. तो बाकावर जाऊन टेकतो, घरी फोन करून सांगतो की इथल्या बाई म्हणाल्या, काही नाही. आणि आत वॉर्डात काय चाललंय, हे बाईंना खिडकीतून काडीचंही दिसत नसायचं. असाच एकजण टेकला आणि पिशवीतून संत्रं काढून सोलत बसला. तेवढ्यात आतून त्याला हाक आली. परत जाताना त्याला त्या संत्र्याचं भान कुठलं असायला? संध्याकाळी झाडणाऱ्या मावशींनी ते अर्धं सोललेलं संत्रं बाकावरून उचललं, आणि बाईंनी ते वाक्य सोडलं. शपथ नाही की गाजावाजा नाही. कुणी साखर सोडतं, तसं.

ते सुटलं आणि त्याच्यामागून आणखी बरंच सुटलं. "डॉक्टर पाच मिनिटांत येतील" सुटलं. नकोशा पाहुण्याला दारापर्यंत जाऊन "या हं पुन्हा" म्हणणं सुटलं. धाकट्या नणंदेने घराला नवे पडदे लावले आणि हौसेने विचारलं, "वहिनी, कसे दिसतात?" बाई बराच वेळ पडद्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लांबीला बरोबर आहेत."

"तुमच्याकडून कौतुक ऐकायचं तर मरावंच लागेल माणसाला," नणंद फणकारली.

"तेव्हाही बघून सांगेन," बाई म्हणाल्या. नणंद आधी रुसली आणि मग खो खो हसत सुटली.

बाईंचा नवरा याच्या अगदी उलट. तो रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायचा. गिऱ्हाइकाने कुठलीही छटा निवडली तरी त्याचं ठरलेलं असायचं, "वा, खोली उजळेल." बाईंनी एकदा विचारलं, "अहो, तो माणूस कोळशासारखा रंग घेऊन गेला. त्यानेसुद्धा खोली उजळेल?"

"दिवा लावला की उजळेल की!"

असं दोघांचं बरं चाललं होतं. त्याचं गोड बोलणं त्याच्यापाशी, हिचं मोजून बोलणं हिच्यापाशी. मुलगी लग्न होऊन दूर गेली, तिला दोघांचे फोन वेगवेगळे लागत. खरं काय ते आईकडून कळायचं आणि बरं वाटायचं ते बाबांकडून.

मग इस्पितळात ते यंत्र आलं. चौकशीच्या फोनला आता यंत्रच उत्तर देणार होतं. मोठ्या साहेबांना वाटलं, परका आवाज कशाला, आपल्याच माणसाचा घेऊ. तेव्हा एक मध्यमवयीन, सुस्वभावी आवाजवाला आला आणि त्याने बाईंना धुतलेल्या चादरींच्या खोलीत बसवलं. तिथे आवाज घुमत नाही, तो म्हणाला. चादरींच्या थप्प्यांमध्ये बसून बाईंनी वाक्यांमागून वाक्यं वाचली. आकडे, वॉर्डांची नावं, वारांची नावं. जिन्यात गर्दी करू नका. बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी, याचं लांबलचक निवेदन. एका वाक्यापाशी त्या थांबल्या.

"हे मी म्हणत नाही."

"ताई, साधं तर आहे. काळजी करू नका."

"साधं आहे म्हणूनच."

आवाजवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, खांदे उडवले. "राहू द्या मग."

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी बाईंची बस चुकली. उशीर होईल असं कळवायला त्यांनी थांब्यावरून इस्पितळात फोन लावला. "नमस्कार," पलीकडून त्या स्वतःच म्हणाल्या. आपलाच आवाज, पण शेजारच्या घरातून यावा तसा. "रुग्णाच्या प्रकृतीच्या चौकशीसाठी एक दाबा. तपासणीच्या अहवालासाठी दोन दाबा." उत्सुकता म्हणा, नाहीतर भीती म्हणा, बाईंनी दोन दाबलं, आणि रुग्णाचा क्रमांक विचारल्यावर सुचतील ते आकडे. "अहवाल अजून आलेला नाही," आवाज म्हणाला. "काळजी. करू नका."

पुढची बस येऊन गेली तरी बाई तिथेच उभ्या. त्या हे म्हणाल्या नव्हत्या. पण आवाज त्यांचाच होता, खोटा नव्हता. मग कोडं सुटलं. 'काळजी' बाळंतिणीच्या निवेदनातून कापून आणलं होतं. त्यात पाळण्यात वाकून बघणाऱ्या बाईची माया होती. आणि 'करू नका' जिन्यातल्या गर्दीचं. त्यात दटावणी होती. दोन्ही जोडताना मधे सांधा राहिला होता, एक श्वास अडकल्यासारखा. आयुष्यात जे एक वाक्य सोडलं, ते त्यांच्याच तोंडचे तुकडे शिवून कुणीतरी तयार केलं होतं, आणि गावातल्या प्रत्येक काळजीवाल्या कानात आता ते त्यांच्या नावावर पडत होतं.

इस्पितळात सगळे हसले. "सध्याबाई शेवटी म्हणाल्याच!" एक सिस्टर म्हणाली. बाईही ओठांनी हसल्या.

पण लोक आवाज ओळखायला लागले. खिडकीशी येऊन कुणी म्हणायचं, "तुम्हीच ना फोनवर?" एक दिवस एक बाई आली. केस विस्कटलेले, एका पायात घरातली चप्पल आणि एका पायात बाहेरची. तिचे वडील दुपारी गेले होते. ती भांडायला आली नव्हती. तिने खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही म्हणालात काळजी करू नका, म्हणून मी जरा पडले. दोन रात्री जागी होते ना. डोळा लागला माझा."

बाई काय सांगणार? मी नव्हते, म्हणणार? आवाज ऐकून ती बाई ओळख पटवूनच आली होती. बाई उठून बाहेर आल्या, तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि ती उठेपर्यंत बसून राहिल्या.

त्या संध्याकाळीच त्या साहेबांकडे गेल्या. "ते वाक्य काढा."

साहेब माणूस वाईट नव्हता. "काढू, बाई. पण लोकांना बरं वाटतं हो त्याने. तक्रारी कमी झाल्यात. तो आवाजवाला पुढच्या खेपेला आला की बघू."

आवाजवाला यायच्या आधी घरात गाठ आली. नवऱ्याच्या मानेला, डाव्या बाजूला, कानाच्या खाली. दाढी करताना त्याच्या हाताला लागली. इस्पितळात तुकडा काढून तपासायला दिला. अहवालाला वेळ लागेल, म्हणाले. नवरा दुकानात जायचा, यायचा, जेवायचा, पण पानात अन्न तसंच राहायचं. एकदा हात धुता धुता तो म्हणाला, "अगं, तू एकदा म्हण ना."

"काय?"

"तेच. काळजी करू नका. सगळ्या गावाला म्हणतेस."

"ती मी नाही म्हणत. तुम्हाला माहीत आहे."

"मग मला एकट्याला म्हण."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या बोटांच्या पेरांत दुकानातला हिरवा रंग होता, धुऊन न गेलेला. म्हणावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण तोंडून आलं ते वेगळंच. "सध्या काहीच कळलेलं नाही, अहो."

"घरात तरी सध्याबाई होऊ नकोस," तो हसून म्हणाला आणि टॉवेल खुंटीला लावून आतल्या खोलीत गेला. हसला, पण टॉवेल खुंटीवरून घसरून पडला तो त्याने उचलला नाही.

रविवारी दुपारी बाई ओट्यापाशी भांडी घासत होत्या. नळ बंद केला आणि आतल्या खोलीत कुणीतरी बाई बोलतेय असं त्यांना वाटलं. हळू, जवळच्या माणसाशी बोलावं तसं. ओले हात पदराला न पुसताच त्या दारापर्यंत गेल्या. नवरा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. फोन मांडीवर, आवाज मोठा केलेला.

"अहवाल अजून आलेला नाही. काळजी. करू नका. पुन्हा ऐकण्यासाठी शून्य दाबा."

त्याने शून्य दाबलं. ती बाई तेच बोलली. त्याने पुन्हा दाबलं. प्रत्येक वेळी 'काळजी' म्हटलं की त्याची मान थोडी कलायची, गाठ नसलेल्या बाजूला, कुणाच्या तरी हातावर टेकवावी तशी. आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याशेजारी, आपलाच आवाज बसलेला बाईंनी बघितला. त्यांना राग यायला हवा होता. आला तो मत्सर. हातांचं पाणी फरशीवर टपटपत राहिलं. त्या पाऊल न वाजवता मागे फिरल्या आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला, मोठा.

आणि नेमका त्याच आठवड्यात आवाजवाला आला. साहेबांनी बाईंना आत बोलावलं. "घ्या, आलाय तुमचा माणूस. काढू ना ते वाक्य?"

बाई दारातच थांबल्या.

"अहो, इतके दिवस माझ्या मागे लागला होतात!"

"आजच काढायला हवं का?" बाईंनी विचारलं. आपण हे विचारतोय यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

"माझं काय," आवाजवाला म्हणाला, "ठेवा नाहीतर काढा. पण आज गेलो की मग लवकर येणं नाही."

खिडकीबाहेर व्हरांड्यात लोक बसले होते. काहीजण भिंतीला डोकं टेकून, काहीजण फोन कानाला लावून. त्यांतल्या कुणाकुणाच्या कानात आत्ता आपण आहोत, हे बाईंना कळत नव्हतं. दोन पायांत दोन चपला घातलेली ती बाई त्यांच्या डोळ्यांसमोर आली. मग कलती मान आली. दोघं एकाच आवाजाला टेकले होते. एकासाठी ठेवायचा आणि दुसऱ्यासाठी काढायचा, अशी सोय त्या यंत्रात नव्हती.

"काढा," बाई म्हणाल्या.

"त्या जागी काय घालू? रिकामं ठेवलं तर लोकांना वाटतं फोन कटला."

बाई पुन्हा चादरींच्या खोलीत जाऊन बसल्या, मागोमाग साहेबही आले. सगळं ठीक होईल? कुणाला ठाऊक. आम्ही प्रयत्न करतोय? आम्ही म्हणजे कोण? आत एखादा खरंच करत असेल, एखादा चहा पीत असेल. सगळ्या गावाला, कुठल्याही वेळी, खोटं न ठरता सांगता येईल असं काय असतं? आवाजवाल्याने दोनदा घड्याळाकडे बघितलं. शेवटी बाईंनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाल्या, "फोन ठेवू नका. माणूस बोलेल."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोण बोलणार माणूस?"

"मी. माझ्या पाळीत तरी मी. बाकीच्यांच्या वतीने मला बोलता येणार नाही, त्यांना तुम्ही विचारा."

"झेपेल का तुम्हाला?"

"सध्या तरी," बाई म्हणाल्या, आणि साहेब आठ्यांसकट हसले.

घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं, असं ठरवून त्या निघाल्या. पण सांगायचं तर रविवारी आपण दारात उभ्या होतो हे आधी सांगावं लागलं असतं. त्याने चोरून घेतलेला दिलासा त्याच्या तोंडावर उघडा करावा लागला असता. जेवण झालं, भांडी झाली, दिवा मालवला. तोंड उघडलं नाही. खोटं बोलायचं नाही, एवढंच त्यांनी आजवर पाळलं होतं. गप्प राहणं त्यात बसतं का, हा हिशेब त्यांनी कधी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीतला फोन थांबेना. बाई एक ठेवायच्या, दुसरा उचलायच्या, वॉर्डात विचारून यायच्या. दुपार कलायच्या सुमाराला त्यांनी असाच एक उचलला. "चौकशी. बोला."

पलीकडे नुसता श्वास, आणि त्यामागे कुरकुरणारा पंखा. तो पंखा बाईंच्या ओळखीचा होता. तेल घालायचं राहिलेला.

"मशीनवरचं ते वाक्य नाही का आता?" नवऱ्याने विचारलं. त्याने आवाज जरा बदलला होता, बिचाऱ्याने.

"नाही."

"परवापर्यंत होतं."

"काल काढलं."

"कुणी?"

"मी."

पंखा कुरकुरत राहिला. तो फोन ठेवणार, असं बाईंना वाटलं. हातातला रिसीव्हर त्यांनी कानाशी घट्ट दाबला.

"बरं," तो म्हणाला. "मला एका बाईंची चौकशी करायची होती. तुमच्याकडेच कामाला आहेत. सध्याबाई. कशा आहेत त्या?"

जिभेवर तो शब्द आलाच होता, सवयीने. सध्या बऱ्या आहेत. सध्या कामात आहेत. आणि ते खरंही होतं. बाईंनी तो शब्द गिळला.

"घाबरल्यात," त्या म्हणाल्या.

"फार?"

"फार. गाठ हाताला लागली त्या दिवसापासून. नळ मोठा सोडून भांडी घासतात. म्हणजे मग रडण्याचा आवाज येत नाही."

"मला वाटलं, भांड्यांवर राग काढतेय."

"नाही."

या वेळी तो बोलला तेव्हा आवाज बदललेला नव्हता, त्याचा स्वतःचाच होता. "मला वाटायचं, या घरात घाबरलेला मी एकटाच. तू म्हणाली का नाहीस?"

"काळजी करू नका असं म्हणायला सांगत होतात तुम्ही. तू करतेस का, असं कधी विचारलंत?"

"बायकोला असं कोण विचारतं, अगं?" तो म्हणाला, आणि त्याला खोकला आला, का हसू आलं, का आणखी काही, ते बाईंना त्या तारेवरून नीट कळलं नाही. त्या ऐकत राहिल्या.

टेबलावरच्या फोनपेटीवर एक दिवा लुकलुकायला लागला. मग त्याच्या शेजारचा. मग आणखी एक. प्रत्येक दिव्यामागे कुणीतरी थांबलं होतं आणि प्रत्येकाच्या कानात बाई सांगत होत्या, फोन ठेवू नका. इथे त्या एका माणसाशी बोलत होत्या आणि तिथे न थकता, न घाबरता, सगळ्यांशी.

"ठेवते मी. लोक थांबलेत."

"थांबू देत थोडं."

"नाही. मी सांगितलंय त्यांना." मग त्या म्हणाल्या, "पाळी संपली की येते. मग बसू दोघं. नळ नाही सोडणार."

त्यांनी फोन ठेवला. दिवे तसेच लुकलुकत होते. डोळे पुसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तशाच ओल्या डोळ्यांनी पहिला उचलला. "चौकशी. बोला."

पलीकडे एक म्हातारा आवाज होता, संशयाने भरलेला. "हॅलो? आता तुम्ही खऱ्या बोलताय, की मघाचीच ती?"

बाईंचा आवाज अजून दुसऱ्या दिव्यात बोलतच होता. त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मी आहे, आजोबा," त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या. "कुणाची चौकशी करायची आहे?"