बाबाचं धोतर अन् पणतूचे लंगोट

राम राम, जऊळक्याच्या मंडळीहो. वय नव्वदीच्या पुढं हाय, बोटं चालत नाहीत. मी बोलते अन् मोबाईल लिवते. चुकलं तर त्याले बोला, मले नाही.

आज सकाळी नातसुनेनं पणतूले नवाकोरा कापडी डायपर बांधला. धा मिन्टात माही मांडी ओली!

"आजी, माहं कुठं चुकलं?"

"बाई, कोरं कापड पाणी वढत नाही. धुऊन धुऊन मऊ करा लागते."

अन् मले माय आठवली. लढाईचे दिवस होते, दुकानात कापड भेटत नव्हतं. बाबा वारले अन् दोन महिन्यानं माहा भाऊ झाला. मायनं पेटीतून बाबाचं उरलेलं एकच धोतर काढलं अन् टर्रकन फाडलं. मी आठ वर्साची. "बाबाचं काहून फाडलं?" म्हणून भोकाड पसरलं.

माय म्हणे, "त्याले बापाची मांडी भेटली नाही. धोतर तरी भेटू दे."

ते लंगोट वाळू घालाचं काम माह्याकडं होतं. बाबाच्या तमाखूचा वास पयल्या धुण्यातच गेला, तरी मी रोज एकेक लंगोट नाकाले लावून पाहो.

आज मी माह्या पेटीतलं सगळ्यात मऊ लुगडं काढून देल्लं. नातसुनेनं कात्री घेतली अन् थांबली. "आजी, हे तर तुमची आठवण म्हणून ठेवाले पायजे."

"मी जित्ती हाय अजून," म्या म्हटलं. "फाड."

तुमचे लंगोट कोणाच्या कापडाचे होते? इचारा घरी, सांगणारं कोणी हाय तवर.