टीव्हीत आईचा रंग जुळवताना

आई गेली तो गुरुवार होता. सकाळी तिने चहा केला, गाईला पाणी दाखवलं आणि परसात पाटावर बसली. बसली ती उठली नाही.

तेरवीनंतर बाबा एकोडीचं घर बंद करून माझ्याकडे साकोलीला आले. मी इथल्या शाळेत शिकवते, एकटीच राहते. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणि आईचा फोटो आणला. तो फोटो तेरवीसाठी घाईने करून घेतलेला होता. आईचा एकटीचा फोटो घरात नव्हताच. कुठल्याशा घोळक्यातून स्टुडिओवाल्याने तिचा चेहरा कापून मोठा केला, मागे निळं आभाळ टाकलं आणि मान राखायचा म्हणून तिला गोरी करून दिली. मी तो भिंतीवर लावला. बाबा त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसू लागले.

एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "हे बाई कोन हाय, मले मालूम नाही." घास घेऊन झाल्यावर म्हणाले, "रोज हिले पाहून पाहून मी तुह्या मायचं तोंड इसरून राहिलो."

त्यांना भीती ती एवढीच होती, आणि ती मोठी होती. आई हलते-बोलते असं एकच ठिकाण होतं: करडी गावच्या माझ्या मामेभावाच्या लग्नाची सीडी. त्यात ती थोडा वेळ दिसते. रात्रीच्या मांडवाच्या कडेला बसून पदराने वारा घेते, कुणीतरी काही बोलतं, ती तोंडावर पदर धरून हसते आणि मान वळवते. माझ्या जुन्या डबा टीव्हीवर हे सगळं हिरवट दिसायचं. बाबा पडद्याजवळ जाऊन बघत आणि उठून जात.

तेव्हा मी चांगला टीव्ही घ्यायचं ठरवलं. कुठलंही काम आधी वाचून करायची मला सवय आहे, म्हणून टीव्हीविषयी मिळेल ते वाचलं. बाजारात तेव्हा एलईडीची चलती होती आणि प्लाझ्मा मागे पडत चालला होता. पण प्लाझ्मात प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा उजेड असतो, त्यामुळे काळं खरंच काळं दिसतं आणि माणसाच्या कातडीचा रंग खऱ्याच्या जवळ राहतो, असं जाणकारांनी लिहिलं होतं. फक्त खोलीत ऊन आलं की त्याची काच चमकते आणि चित्र फिकं पडतं.

दुकान हायवेलगत होतं. सगळ्या टीव्हींवर एकच पोपट उडत होता.

"कलर पाहा काका, एक नंबर," दुकानदार म्हणाला.

"मले पोपट नाही घ्याचा," बाबा म्हणाले आणि पिशवीतून सीडी काढली. "हे लावून दाखवा जी."

एलईडीवर आईचं तोंड चुना लावल्यासारखं दिसलं. बाबांनी मान हलवली. प्लाझ्मा कोपऱ्यात होता, आणि रस्त्यावरचा उजेड थेट त्याच्यावर पडत असल्याने मळकट दिसत होता.

"तो जुना माल हाय काका. लाईट खाते. मॅडम, तुम्ही तरी समजवा यायले."

मी म्हटलं, शटर जरा खाली घेता आलं तर नीट दिसेल.

"भर दुपारी शटर पाडलं तर लोक म्हनतीन, याच्या घरी कोनी मेलं."

"आमच्या घरी मेलं," बाबा म्हणाले. "पाडा."

दुकानदाराने शटर अर्ध्याच्या खाली ओढलं, प्लाझ्माला सीडी प्लेअर जोडला आणि बाबांसाठी स्टूल आणून ठेवलं. अंधारात चित्र वर आलं. आईच्या मागचा अंधार आतापर्यंत राखाडी दिसत होता, तो काळा झाला आणि तिचे केस त्यातून वेगळे दिसू लागले. बाबा स्टुलावर बसले नाहीत.

"जराशी तिच्यावानी हाय," ते म्हणाले.

"अजून एक डाव लावू का, काका?" दुकानदाराने विचारलं. त्याने आणखी दोनदा लावली.

घरी मी टीव्ही खिडकीपासून लांबच्या भिंतीशी ठेवला आणि खिडकीला जाड पडदा लावला. दुकानातली भडक सेटिंग काढून टाकली. ब्राइटनेस केस आणि अंधार वेगळे दिसतील इतका ठेवला, आणि कॉन्ट्रास्ट नवरदेवाच्या वडिलांच्या धोतराच्या चुण्या दिसतील इतका. नव्या प्लाझ्मावर चित्र थांबवून ठेवू नये, त्याचा डाग राहतो, असं पुस्तिकेत होतं. म्हणून तेवढाच तुकडा आम्ही पुन्हा पुन्हा लावत होतो. आई पुन्हा पुन्हा हसत होती.

रंग मात्र जुळेना. मी एक केला की बाबा नाही म्हणत, दुसरा केला की मलाच पटत नसे. शेवटी वाटलं, ज्याचा रंग ठाऊक आहे असं काहीतरी समोर हवं. सीडीत आईने नेसलेली वांगी रंगाची साडी एकोडीच्या पेटीत होती. रविवारी आम्ही जाऊन ती घेऊन आलो. बाबांनी ती पडद्याला लागून धरली आणि मी रिमोट दाबत राहिले. संध्याकाळपर्यंत पडद्यातली साडी आणि हातातली साडी एक झाली.

पण तोंड बिघडलं.

"आता तुही माय तापानं फणफणल्यावानी दिसते," बाबा म्हणाले.

शूटिंगवाल्याच्या पिवळ्या दिव्याने साडी एका तऱ्हेने बदलली होती आणि चेहरा दुसऱ्या. दोन्ही एकदम सुधारणं शक्य नव्हतं. मी ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी साडीची घडी घातली.

"साडी राहू दे. साडी आपल्यापाशी हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ये इकडं, बाई. टीव्हीच्या बाजूले उभी राय."

मी रंगाने आईवर गेले, हे नातेवाईक मी लहान असल्यापासून हळहळत सांगत आले आहेत. मी जाऊन उभी राहिले.

"तोंड धुऊन ये. पावडर हाय."

मी तोंड धुऊन आले. मेनूतली कोणती ओळ हलवायची ते दाखवून रिमोट त्यांच्या हातात दिला. जिथे उभी होते तिथून मला पडदा दिसत नव्हता, बाबांचा चेहरा दिसत होता. ते माझ्याकडे बघत, पडद्याकडे बघत, बटण दाबत. मधेच म्हणाले, "हसू नको. थे हासते तेवढं पुरे." मी हसत नव्हते.

मग त्यांचा अंगठा थांबला. रिमोट मांडीवर गेला.

"बस," ते म्हणाले. "पाय, हाय ना?"

मी पुढे येऊन बघितलं. आई मला आठवत होती त्यापेक्षा गडद होती. मला ती घरातली, गेल्या काही वर्षांतली आठवते. बाबांना बहुधा धानाच्या रोवणीतली आठवत असावी, दिवसभर उन्हात वाकलेली, मी जन्मायच्याही आधीची.

"हाय," मी म्हटलं.

सुरुवातीला ते रोज दुपारी सीडी लावायला सांगत, मग रविवारी, मग सांगेनासे झाले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आता बिना टीव्हीची दिसते मले."

त्या सेटिंगवर बाकी सगळं मात्र चमत्कारिक दिसे. करडीचा मामेभाऊ क्रिकेट बघायला आला आणि म्हणाला, "काहून जी मामाजी, पुरं मैदान करपलं तुमच्या टीव्हीत!"

"तू तुह्या घरी जाऊन पाय," बाबा म्हणाले.

बाबाही आता नाहीत. तसले टीव्ही आता बनत नाहीत, पण आमचा चालतो. त्यात आईचा रंग बाबांनी लावला तोच आहे. मला आठवतो त्याहून तो थोडा गडद आहे.