पाइप ऊन खातात

थंडीत पीव्हीसीचा पाइप काचेसारखा ठिसूळ होतो, हे मला सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालच्या आमच्या हळदीत कळलं. दिवस उजाडताच पाण्याची नवी लाइन जोडायला बसलो होतो. जोड बसेना. मी मूळचा तापट. लाकडी ठोकळा हाणला, तर पाइप ताडकन फुटला.

बायको हसतच सुटली. "काहून ठोकून राहिले? त्याला आधी ऊन खाऊ द्या की!"

तेव्हापासून हिवाळ्यात आधी पाइप बांधावर उन्हाला टाकायचे आणि ते तापेपर्यंत शेजारी चहा घेऊन बसायचं. मला तर हे काम फारच मानवलं.

परवा तिनं पाइपवर हात ठेवून पाहिला. म्हणाली, "पाइप कवाच तापले, अन् तापट माणूस थंड बसून राहिला!"