गालाला बांधलेला फोन

लिही गं बाई. तुझ्या आजोबांचं लिही, म्हणजे तू जन्मलीस त्या दिवसाचंच लिही.

आजोबा सुतार. तीस वर्षं हातात लाकूड घासायचं मशीन. ते धरून धरून तळहात पार बधिर झालेले. फळी गुळगुळीत झाली का, हे हातानं कळायचंच नाही, गाल टेकवून बघायचे. लोक हसायचे, "मिस्त्री लाकडाचा मुका घेतोय!"

तर तुझी आई दवाखान्यात, लांब, सासरच्या गावाला. माझा पाय प्लास्टरात, जाणार कशी? घरात फोन एकच, बटणांचा. भुसा जाऊन त्याची रिंग बसलेली, बोललेलं ऐकू यायचं, पण फोन आला की नुसता थरथरायचा. मी म्हटलं, "माझ्याकडे द्या, मी पडूनच आहे." छे! "लेकीनं शब्द दिलाय, पहिली बातमी बाबांना. मीच घेणार." आणि रिकामं बसवेना, म्हणून मागच्या खोलीत मशीन चालू.

फोन खिशात. दर पाच मिनिटांनी मशीन बंद, "आला, आला!" बघतात तर काही नाही. मांडीलाच आपले भास. आणि खरा आला तेव्हा पत्ताच नाही! जावयाचे दोन फोन येऊन गेलेले. घाबरून उलटा लावला, तर जावई म्हणाले, "आत्ताच आत नेलंय, कळवतो."

यांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "अहो, हात गेले कामातून, मांडी थापा मारते. गाल आहे ना शाबूत!"

मग फोन गालावर, कानाशी धरून वरून रुमाल बांधला, हनुवटीखालून डोक्यापर्यंत, वर घट्ट गाठ. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "मिस्त्री, दाढ काढली का?"

"नाही हो, आजोबा होतोय!"

दुपारी मशीन एकदम थांबलं. गाठ काही सुटेना, म्हणून यांनी रुमालावरूनच चाचपून बटण दाबलं. मी खाटेवरून ओरडतेय, "अहो, काय झालं? लेक बरी आहे ना? सांगा तरी!" हे भुशानं माखलेले तसेच आले, वाकले, आणि फोनवाला गाल माझ्या गालाला लावला.

तेव्हा ऐकलं मी तुला. काय गळा काढला होतास! आणि हे मलाच दटावतात, "हळू बोल की जरा. दोघी ठणठणीत आहेत, आणि धाकटी काहीतरी सांगतेय."