भंडाऱ्याचं पाणी

देवाचा अनुभव लिहून काढा, असं माझ्या बायकोनं मला सांगितलं. मी म्हणालो, माझ्या अनुभवात निम्मा राग आहे, तो कुणाला वाचायचाय? ती म्हणाली, "राग हाय तर राग लिवा. खोटं लिवू नका." मी तिसरी शिकलेला माणूस, जन्म ट्रकवर गेला. लिहायला बसलोच आहे तर सरळ सांगतो. त्या वर्षी माझं देवाशी वाकडं होतं.

कारणही तसं होतं. हिनं पस्तीस वर्षं खंडोबाचं केलं. रविवारचा उपास कधी मोडला नाही, एकाही वर्षी जेजुरी चुकवली नाही, देव्हाऱ्यातल्या डबीतला भंडारा कपाळाला लावल्याशिवाय सकाळी चूल पेटवली नाही. आणि हिच्याच हृदयाची झडप खराब निघाली. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा सोमवार ठरवून दिला. मी देवाला आयुष्यात फारसं काही विचारलं नव्हतं, तेव्हा मात्र विचारलं. इंजिनाला वेळेवर तेल घातलं तर इंजिन दगा देत नाही, एवढं मला ड्रायव्हराला कळतं. मग हिनं कुठलं तेल घालायचं चुकवलं? उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून देव्हाऱ्यासमोरून जाताना मी मान फिरवायला लागलो.

त्यातच घरची मोटारगाडी रडायला लागली. गाडी जुनी, टर्बो डिझेल, पण पिरंगुटचा घाट शीळ घालत चढायची. आमच्या भरे गावात तशी दुसरी नव्हती. आता ही बसायची तिथली पायाखालची चटई भिजायची, काचेवर आतून वाफ धरायची आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी भरायचं. पिरंगुटच्या मेस्त्रीनं बघितलं आणि सांगितलं, हीटर गळतोय. डॅशबोर्डाच्या आत लहान रेडिएटरसारखी एक जाळी असते, तिच्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरतं, ती सडली होती. म्हणाला, दोन नळ्या एकमेकींना जोडून टाकू, हीटर बाद. आपल्याकडं हीटर लागतोय कुणाला? सगळे तेच करतात. मला संताप आला. "तुजा एक कान कापला तर दुसऱ्यानं ऐकशील ना? मग कापू का?" असं म्हणून मी गाडी काढून आणली.

ट्रकवाल्यांचा एक जुना उपाय आहे. रेडिएटर गळला की पाण्यात हळद टाकायची. ती फुगते आणि बारीक भोक बुजवते. घरातली सगळी हळद टाकली, पुरली नाही. ही बाहेर गेली होती. मी देव्हाऱ्यापुढं उभा राहिलो आणि भंडाऱ्याची डबी उचलली. म्हणालो, लई केलंय तिनं तुजं. तिची झडप न्हाई तर न्हाई, एवढं गळतंय ते तरी थांबव. भंडाऱ्यात सुक्या खोबऱ्याचे बारके तुकडे होते. ते मला दिसले, तरी अख्खी डबी रेडिएटरमध्ये उलटी केली.

गळणं थांबलं. दोन दिवस मी मिशीला पीळ देत फिरलो. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, हिला तपासणीला नेत होतो. घाटात गरमीचा काटा वर गेला आणि डॅशबोर्डाखालून कढत पिवळं पाणी हिच्या पायावर पडलं. गाडीत बसली की चपला काढून ठेवायची हिची सवय, त्यामुळं चांगलाच चटका बसला. पण ती ओरडली नाही. बोटानं ते पाणी टिपलं, वास घेतला आणि विचारलं, "ही हळद कुटली?"

मी रस्त्यावरच्या पोलिसांना जन्मभर थापा मारल्या, हिला मारता येत नाही. सांगितलं. तिनं दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. "भंडारा माज्या पायाखाली आणला तुमी," एवढंच म्हणाली. इंजिन निवेपर्यंत आम्ही घाटात उभे राहिलो आणि मग माघारी फिरलो. घरी उतरल्यावर ती दुसरं वाक्य बोलली. "ह्या गाडीत मी आता पाय ठेवणार न्हाई. मरण आलं तरी न्हाई. आदी तिच्यातला भंडारा धुवून काढा, आन् पाणी गटारात सोडू नका." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

एसटीच्या गर्दीत हिला न्यायला डॉक्टरांची मनाई होती. चुलतभावाच्या दारात जीप उभी होती, पण बांधावरून आमचं बारा वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याच्यापुढं तोंड वेंगाडायला मी काही मेलो नव्हतो. माझी बायको माझ्याच गाडीतून जाईल, असं मी भिंतीला ऐकवलं, कारण दुसरं कोणी ऐकत नव्हतं.

शुक्रवारी अंगणात गाडी घेतली आणि डॅशबोर्ड सोडवायला लागलो. ती जाळी बसवून मग सगळी गाडी तिच्याभोवती बांधली असावी, असं ते काम. प्रत्येक स्क्रूमागं आणखी एक लपलेला. मी गाडी बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, मेस्त्रीला घातल्या, देवाला तर मोजून घातल्या. स्क्रू मागं फेकत होतो. दुपारी वळून बघितलं तर हिनं ते सगळे वेचून लहान-मोठे वेगळे करून वाट्यांमध्ये ठेवले होते. बोलत मात्र नव्हती.

शनिवारी जाळी हातात आली. नुसता पिवळा गाळ भरलेला. पुण्यात फोन लावले, तीन दुकानांतून एकच उत्तर आलं, ही जाळी कोणी ठेवत नाही, बायपास करा, म्हणजे नळ्या जोडून मोकळे व्हा. शेवटी जाळी पिशवीत घातली आणि भूगावला निघालो. तिथं रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये रेडिएटर झाळणारा एक उत्तरेकडचा माणूस बसतो, असं कोणीतरी बोललं होतं. गाडी घेतल्यापासून मी सिक्स सीटर रिक्षामध्ये पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी कोंबून बसलो. गावातल्या एकानं विचारलंच, "आण्णा, टर्बो कुटाय?" मी म्हणालो, दवाखान्यात.

त्या माणसाला मी जाळी दिली आणि म्हणालो, धू आणि झाळ. हळदीचं, भंडाऱ्याचं, गटाराचं काही सांगितलं नाही. सांगायला जीभ उचलली नाही, खरं म्हणजे लाज वाटत होती. त्यानं पाण्याचा पाइप लावला तसं मी तोंड रस्त्याकडं केलं. दुकानापुढंच उघडं गटार होतं. मनात म्हटलं, जाऊ दे, हिला कुठं दिसतंय.

पाइपाचा आवाज थांबला म्हणून वळलो. त्यानं जाळीखाली स्वच्छ कॅन धरला होता आणि पिवळं पाणी त्यात पडत होतं. दुसऱ्या हाताच्या बोटांत खोबऱ्याचा एक तुकडा होता.

"चाचा, ये रसोई की हल्दी नहीं है," तो म्हणाला. "इसमें नारियल है. ये पाँव के नीचे नहीं आना चाहिए."

हे हिचेच शब्द. जाळी त्यानं टाकीत बुडवून हवा मारली, तर बुडबुडेच बुडबुडे. झाळायला धड जागाच उरली नव्हती. त्यानं वर बघितलं आणि खिळ्याला टांगलेली एक जाळी काढली. माझ्याच जातीच्या गाडीची. आदल्याच दिवशी कोणीतरी बायपास करून घेतला होता आणि ही टाकून गेला होता. ती बुडवली. एक बुडबुडा नाही. मी त्या ओल्या जाळीकडं बघत उभा राहिलो, आणि माझे डोळे गळायला लागले. त्याला हळद चालत नाही.

परतताना मांडीवर तो कॅन धरून बसलो. सिक्स सीटरवाल्यानं ताक आहे का म्हणून विचारलं, मी व्हय म्हणालो.

घरी हिनं कॅन बघितला, कागदात बांधून दिलेला खोबऱ्याचा तुकडा बघितला आणि पाणी शेताकडेच्या उंबराच्या बुंध्याला घालायला सांगितलं. रेडिएटर आणि नळ्या धुतल्या ते पाणीही तिथंच नेलं. रविवारी जाळी बसवली. तिनं वाटीतून एकेक स्क्रू हातात दिला. सोमवारी सकाळी चपला काढून कोरड्या चटईवर पाय ठेवला आणि म्हणाली, "चला." घाटात टर्बोनं शीळ घातली. काटा जागचा हलला नाही.

झडप बसली. ती आज माझ्या मागं उभी राहून हे वाचते आहे. बरी झाल्यावर आम्ही त्या माणसाकडं प्रसाद घेऊन गेलो, तर त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही. रोज दहा येतात, म्हणाला.

देवानं काय केलं आणि माणसानं काय केलं, ते मी सांगू शकत नाही. त्या दुकानात मी काही मागितलं नव्हतं, तोंडही फिरवलं होतं, तरी कोणीतरी खाली कॅन धरला, एवढं मात्र माझ्या डोळ्यांनी बघितलं. चुलतभावाशी मी अजून बोलत नाही. रागही गेलेला नाही. पण आता मान फिरवत नाही. सकाळी देव्हाऱ्यापुढं बसतो, भंडारा कपाळाला लावतो आणि काय भांडायचं ते समोरासमोर भांडतो. आवाज चढला की ही आतून सांगते, "हळू बोला. त्याला ऐकू येतंय."